१९८४ साली गिरणगावाने डॉ. दत्ता सामंतांना दिल्लीला पाठवलं, ते कशासाठी?

साचेखात्याचा_नातू

दर जानेवारीत दोन तारखा पाठोपाठ येतात. १६ जानेवारी १९९७ ला डॉ. दत्ता सामंतांचा पवईत, घराजवळच, गोळ्या घालून खून झाला. आणि १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. त्या दोन दिवसांत जिकडेतिकडे तोच वाद वाचायला मिळतो: गिरणगाव डॉक्टरांनी बुडवलं की मालकांनी आणि सरकारने? त्यावर इतकं लिहून झालंय की मी त्यात भर घालणार नाही. मला बोलायचंय त्यांच्या खासदारकीवर. ती कुणी विचारातच घेत नाही. घेतली तर म्हणतात, "एकटा अपक्ष खासदार, त्याने काय केलं?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डॉक्टर मूळचे मालवणजवळच्या देवबागचे. जी. एस. मेडिकलला शिकले, घाटकोपरला पंतनगरात दवाखाना टाकला. आसपासच्या दगडखाणींतले कामगार पेशंट म्हणून यायचे. त्यांची दुखणी औषधाने बरी होण्यातली नव्हती. त्यातून डॉक्टर युनियनमध्ये शिरले. इंटक या काँग्रेसच्या कामगार संघटनेत होते, काँग्रेसमध्ये होते, आमदार झाले, आणीबाणीत तुरुंगातही गेले. सत्तरच्या दशकात इंजिनिअरिंग कारखान्यांत त्यांनी असे काही पगारवाढीचे करार केले की गिरणीतला माणूस बघत राहिला. शेजारच्या चाळीतला कारखान्यात जाणारा पोरगा गिरणीत वीस वर्षं साचे, म्हणजे माग, चालवणाऱ्यापेक्षा जास्त घरी आणतो, हे दिसत होतं. १९८१ च्या दिवाळीला बोनसचा करार झाला, कामगारांना तो मान्य नव्हता, आणि ते स्वतःहून डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर गिरण्यांकडे गेले नव्हते, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

आता माझा मुद्दा. गिरण्यांना १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागू होता, ज्याला सगळे बीआयआर म्हणतात. त्या कायद्याने एका धंद्यात एकच प्रातिनिधिक युनियन. गिरण्यांत ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ, तीही इंटकची. मालकांशी बोलायचा हक्क फक्त तिला, आणि तिने केलेला करार सगळ्यांवर बंधनकारक, तुम्ही तिचे सभासद असा वा नसा. ही युनियन कामगारांना हवी की नको, हे गुप्त मतदानाने विचारायची सोयच कायद्यात नव्हती. अडीच लाख माणसं संपावर, आणि सरकार म्हणतंय की तुमचा प्रतिनिधी आम्हाला माहीत आहे, तो संपावर नाही!

मग डिसेंबर १९८४ ला लोकसभेची निवडणूक आली. इंदिरा गांधींच्या हत्येला दोन महिनेही झाले नव्हते. मुंबईतल्या सहापैकी पाच जागा काँग्रेसने घेतल्या. सहावी, दक्षिण-मध्य मुंबई, म्हणजे परळ-लालबागचा पट्टा, तिथून अपक्ष दत्ता सामंत निवडून आले. संप सुरू होऊन तेव्हा जवळजवळ तीन वर्षं झाली होती आणि सगळे म्हणत होते की तो केव्हाच मोडला. गिरणी कामगाराला आयुष्यात मिळालेलं एकच गुप्त मतदान ते. तुमचा माणूस कोण, हा प्रश्न त्याला त्या एकाच दिवशी विचारला गेला, आणि त्याने उत्तर दिलं.

माझे आजोबा तेव्हा गावाला होते, पाटण तालुक्यात. घरात रोजच्या मिठाची पंचाईत. तरी मतदानाला मुंबईला आले, दोन दिवस जुन्या गाळ्यात इतरांबरोबर झोपले आणि परत गेले. म्हणून "खासदार होऊन काय केलं" हा प्रश्न मला उलटा वाटतो. त्यांना तिथे पाठवणं हेच कामगारांनी केलेलं काम होतं.

वागळे_इस्टेट

पूर्ण असहमत, आणि तुमच्या आजोबांबद्दल आदर ठेवूनच लिहितो.

मी वागळे इस्टेटमध्ये लहान मशीनशॉप चालवलं. चाळीस माणसं. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे बाहेरची युनियन आली. कुणाची, ते इथे महत्त्वाचं नाही. पगाराची मागणी पुढे आली तेव्हा मी हिशेबाची वही टेबलावर ठेवली. ती उघडायलासुद्धा कुणी तयार नव्हतं. सात महिने शटर खाली. त्यानंतर मी वापीला गेलो, आणि त्या चाळीसपैकी माझ्याबरोबर आले तिघे. उरलेल्या सदतीस जणांचं काय झालं ते मला आजही आठवतं, कारण त्यातले दोघे माझ्या लग्नात पंगतीला वाढायला होते.

कंपनीचा ताळेबंद बघायचा नाही, मालक खोटाच लिहितो असं धरून चालायचं आणि मागणी एकरकमी टाकायची, ही कार्यपद्धती डॉक्टरांनी रूढ केली. मोठ्या कंपनीत नफा होता, तिथे ती चालली. कापड गिरण्यांची यंत्रं जुनी, धंदा भिवंडीच्या यंत्रमागाकडे सरकलेला. संप चालू असतानाच गिरण्यांचे छाप मारलेलं कापड भिवंडीत विणून निघत होतं. म्हणजे मालकाला गिरणी चालू व्हायची घाईच नव्हती. ज्या मालकाला कारखाना बंद हवाय त्याच्याविरुद्ध बेमुदत संप करायचा, यात कुणाचं नुकसान होणार हे समजायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

आणि खासदारकीचं म्हणाल तर, मत हे विश्वासाचं असतं. विश्वास टाकला म्हणून नेत्याचा निर्णय बरोबर ठरत नाही.

कलम_आणि_करार

बीआयआरबद्दल एक दुरुस्ती. प्रातिनिधिक युनियन बदलायची वाट कायद्यात होती. दर्जा सभासदसंख्येवर ठरायचा, पंचवीस टक्के ही अट होती. विरोधी युनियनने जास्त सभासद दाखवून रजिस्ट्रारकडे अर्ज करायचा. म्हणजे दार होतं. महाराष्ट्र गिरणी कामगार युनियन नावाची स्वतंत्र युनियन डॉक्टरांनी काढली होतीच.

तरी धागाकर्त्याच्या मुद्द्याचा गाभा खरा आहे. सभासदत्व म्हणजे पावती. पावती कोण फाडतं, कुठे फाडतं? गिरणीच्या आवारात, जिथे बदलीवाल्याला उद्या काम मिळेल की नाही हे दुसऱ्याच्या मर्जीवर आहे. सकाळी फाटकावर उभं राहून पाळीत जागा रिकामी आहे का बघायची, असं वर्षानुवर्षं काढलेल्या माणसाकडे मान्यताप्राप्त युनियनच्या माणसाने पावती पुढे केली तर तो नाही कसा म्हणेल? म्हणून संपाच्या मागण्यांत पगाराबरोबर बदलीवाल्यांना कायम करणं आणि बीआयआर रद्द करणं या दोन्ही गोष्टी होत्या. लोक फक्त पगारवाढ लक्षात ठेवतात. माझ्या मते सरकार पैशावर कदाचित तडजोड करू शकलं असतं. बीआयआरवर करणं त्याला अवघड होतं, कारण तिथे हात घातला की इंटकचा सगळा डोलाराच हलला असता.

चक्का_जाम

कायद्याचं झालं. मी तुलना करून बघतो, कारण खासदार झालेला कामगार नेता मुंबईने आणखी एक दिलाय.

जॉर्ज फर्नांडिस. मंगळूरहून आलेला तरुण, गोदी कामगारांत प्लॅसिड डिमेलोंच्या हाताखाली तयार झाला, महापालिकेत नगरसेवक होता, आणि १९६७ ला दक्षिण मुंबईत काँग्रेसच्या स. का. पाटलांसारख्या बड्या नेत्याला पाडून लोकसभेत गेला. १९७१ ला हरला. मे १९७४ ला रेल्वेचा संप त्याने उभा केला. तो संपही मोडला, तीन आठवड्यांच्या आत. हजारो अटकेत, हजारो बडतर्फ. संप म्हणून बघाल तर तोही पराभवच.

पुढे काय झालं बघा. १९७७ ला जॉर्ज तुरुंगातूनच मुझफ्फरपूरहून निवडून आले, जनता पक्ष सत्तेत आला, रेल्वेमंत्री झाले मधू दंडवते. आणि बडतर्फ रेल्वे कामगार कामावर परत घेतले गेले. हरलेल्या संपाची भरपाई संसदेतून झाली. पक्ष होता म्हणून झाली.

डॉक्टरांकडे पक्ष नव्हता. कामगार आघाडी होती, ती त्यांच्याभोवतीच फिरणारी. ते लोकसभेत बसले आणि पुढच्याच वर्षी, जून १९८५ ला, राजीव गांधी सरकारचं नवं वस्त्रोद्योग धोरण आलं. न चालणाऱ्या गिरण्या बंद करायला वाट आणि यंत्रमागाला मोकळीक. गिरणगावाच्या मुळावर येणारं धोरण गिरणगावाचा खासदार सभागृहात असताना आलं, आणि चारशेहून जास्त खासदार असलेल्या सरकारपुढे एकट्याला ते अडवता आलं नाही. यात त्यांचा दोष मी काढत नाही. पण "पाठवणं हेच काम" एवढ्याने माझं समाधान होत नाही. आजोबांनी मिठाच्या पंचाईतीत एसटीचं भाडं भरलं, ते नुसतं उत्तर नोंदवायला नसणार. काहीतरी पदरात पडेल म्हणून भरलं असणार.

साचेखात्याचा_नातू

@चक्का_जाम, जॉर्जचं उदाहरण जोरदार आहे, मानतो. पण पुढचंही सांगा ना. मुंबईने १९७१ ला नाकारल्यावर जॉर्जनी मतदारसंघ बदलला, बिहारचे झाले, पुढे उद्योगमंत्री, रेल्वेमंत्री, शेवटी संरक्षणमंत्री. कोकण रेल्वे त्यांच्या आणि दंडवत्यांच्या जोरावर झाली, आम्ही तिचे ऋणी आहोत. पण १९७४ नंतर रेल्वेच्या फाटकावर त्यांना कुणी पाहिलं? डॉक्टर खासदार झाल्यावरही पंतनगरच्या ऑफिसात बसत होते. हरल्यावरही बसत होते. १९९७ ला गोळ्या घातल्या तेव्हाही ते कामगारांचेच खटले-भांडणं बघत होते. पक्षात गेले असते तर दिल्लीत वजन वाढलं असतं, आणि घाटकोपरची रांग संपली असती.

@वागळे_इस्टेट, काका, तुमची सदतीस माणसं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण गिरणीमालकाला बंदच हवं होतं हे तुम्हीच लिहिताय. मग संप केला नसता तर गिरण्या राहिल्या असत्या का? फार तर पाच वर्षं उशिरा गेल्या असत्या, आणि कामगार गपचूप गेला असता.

लाल_बावटा

पाच वर्षं उशिरा, गपचूप? ही पाच वर्षं इतकी हलक्यात घेऊ नका. अडीच लाख घरांची पाच वर्षं म्हणजे एकेका घरातल्या मुलाची शाळा पूर्ण होणं.

मी डाव्या चळवळीतला, तेव्हा संपाच्या बाजूनेच होतो, धान्य गोळा करायला गावोगाव फिरलो. त्यामुळे बोलायचा हक्क आहे असं समजतो. गिरणगावाने दिल्लीला पाठवलेला डॉक्टर हा पहिला माणूस नाही. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत याच भागाने कॉ. डांग्यांना पाठवलं होतं, १९६७ ला पुन्हा. डांगे १९२८ च्या संपातून आलेले. तो संपही महिनोन्‌महिने चालला, पण त्यातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली, खात्याखात्यात समित्या उभ्या राहिल्या. पुढे लाल बावट्याचंच घर पोकळ झालं, हेही कबूल करतो. ती आमची चूक, आणि त्या पोकळीतच कामगार डॉक्टरांकडे गेला.

१९८२ लाही गिरणीगिरणीत समित्या झाल्या होत्या. कामगारांनी स्वतः केलेल्या. धान्यवाटप, मोर्चे, अटक झालेल्यांची घरं बघणं, सगळं त्या पोरांनी केलं. वाटाघाटी मात्र कायम एकाच माणसाच्या हातात. संप कधी थांबवायचा, कशावर थांबवायचा, हे विचारायला दुसरी फळी नव्हती. ती असती तर १९८२ च्या पावसाळ्यात, मुंबईचे पोलीससुद्धा बंड करून उठले तेव्हा, सरकार खरंच घाबरलेलं असताना, काहीतरी पदरात पाडून सन्मानाने परत जाता आलं असतं. संप मागे घेतल्याची घोषणा आजतागायत झालेली नाही. लोक हे अभिमानाने सांगतात. मला त्यात नेत्याचं अपयश दिसतं. सैन्याला परत फिरा म्हणून सांगणं हेही सेनापतीचंच काम.

आणि हेच खासदारकीत झालं. गिरणगावाने एक खासदार दिला, त्या मागे शंभर कार्यकर्ते उभे राहायला हवे होते. राहिला फक्त डॉक्टर.

वागळे_इस्टेट

लाल बावटा यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी, एक लहान का होईना पण मालक, शंभर टक्के सहमत आहे. असं आयुष्यात पहिल्यांदा होतंय.

आता धागाकर्त्याला थेट प्रश्न. १९८४ चं मतदान हे गिरणी कामगाराचं गुप्त मतदान, असं तुम्ही म्हणता. ठीक. मग १९८९ चं काय? त्याच दक्षिण-मध्य मुंबईने शिवसेनेच्या वामनराव महाडिकांना निवडून दिलं. हे तेच महाडिक, जे परळचे कम्युनिस्ट आमदार कॉ. कृष्णा देसाईंच्या खुनानंतर १९७० च्या पोटनिवडणुकीत परळमधून आमदार झाले होते, शिवसेनेचे पहिले. म्हणजे लाल बावट्याच्या जागी एकदा आले आणि कामगार आघाडीच्या जागी पुन्हा आले. मतपेटीला साक्षीला बोलावलं की तिची पूर्ण साक्ष ऐकावी लागते.

खानावळीची_लेक

मी उशिरा आले. सगळे पुरुष कामगार, मालक आणि कायदा यांच्यावर बोलताय, म्हणून लिहिते.

माझी आई लालबागला खानावळ चालवायची. घरातच, बारा बाय दहाच्या खोलीत. बावीस गडी जेवायला. बहुतेक घाटावरचे, चार-पाच कोकणातले, बायकामुलं गावी. महिन्याचे पैसे पगाराला. १९८२ च्या जानेवारीत तिने वही घातली: संप मिटला की देतील. मार्चपर्यंत बावीसच्या बावीस जेवत होते. पावसाळ्यात अकरा उरले, बाकीचे गावी गेले. जाताना प्रत्येक जण सांगून गेला, मावशी, तुमचे बुडवणार नाही. तिने मंगळसूत्राच्या वाट्या मोडल्या पण वाण्याचं बिल थकवलं नाही. १९८३ ला खानावळ बंद केली आणि घरकामाला जायला लागली.

त्या वहीत तिचे किती पैसे अडकले ते मी सांगत नाही. काही जणांनी पुढे दहा-दहा वर्षांनी आणून दिले, एकाच्या मुलाने त्याच्या बापाच्या तेराव्यानंतर आणून दिले.

मुद्दा असा. माझी आई गिरणी कामगार नव्हती. तिच्याकडे कुठल्या युनियनची पावती नव्हती, तिचं नाव कुठल्या मस्टरवर नव्हतं, बीआयआरच्या हिशेबात ती नव्हतीच. १९८४ ला तिने मत डॉक्टरांना दिलं. मी तेव्हा चौदा वर्षांची, तिला विचारलं, तुझी खानावळ त्यांच्या संपाने गेली ना? ती म्हणाली, माझी पोरं चोर नव्हती, पण सगळे म्हणतात कामचुकार होती. तेवढ्यासाठी दिलं.

तेव्हा भाऊ, ते "गिरणी कामगाराचं मतदान" नव्हतं. निम्मे कामगार तर गावी होते. मागे राहिलेल्यांचं, बायकांचं, वाण्यांचं, म्हाताऱ्यांचं मतदान होतं. तुमच्या आजोबांसारखे आले ते आलेच, पण त्यांच्यावर जागा निघाली नसती.

कलम_आणि_करार

ताई, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

जाता जाता एक, कारण खासदारकीनंतर काय उरलं हा प्रश्न जमिनीपाशी येतो. गिरण्यांखाली मुंबईत सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ आला: जमीन विकायची तर साधारण एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, उरलेली मालकाची. २००१ ला नियम असा बदलला की वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीची करायची. शेड पाडून मोकळी होणारी जमीन वाटणीतून बाहेर. २००६ ला सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. तेव्हा डॉक्टर हयात नव्हते, आणि दिल्लीत किंवा मुंबईत त्या जमिनीवर बोलायला, फक्त याच कामासाठी निवडून आलेला कुणीही नव्हता. म्हाडाची गिरणी कामगारांसाठीची पहिली सोडत निघाली २०१२ ला. अर्ज होते दीड लाखाच्या घरात, घरं त्याच्या एका छोट्या हिश्शाएवढी. लाल_बावटा म्हणतात ती दुसरी फळी इथे हवी होती, संपापेक्षाही जास्त.

साचेखात्याचा_नातू

ताईंचा प्रतिसाद दोन दिवस परत परत वाचला. "गिरणी कामगाराचं मतदान" हे माझं वाक्य मी मागे घेतो. गिरणगावाचं मतदान, असं लिहायला हवं होतं.

वागळे काकांच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं टाळत होतो, कारण ते उत्तर माझ्या घरात आहे.

आजोबा १९८७ ला कायमचे मुंबईला परत आले. गिरणीने घेतलं नाही, नाक्यावर वॉचमन झाले. माझे वडील तेव्हा वीस वर्षांचे, दहावी पास, घरी बसलेले. चाळीच्या तोंडाशी शाखा होती. तिथल्या एका माणसाने त्यांना कुरिअरच्या कामाला लावलं, पहिला पगार साडेचारशे रुपये. आजोबांनी १९८९ ला मत शिवसेनेला दिलं. हे त्यांनी स्वतः मला सांगितलं, मी कॉलेजात असताना, मी विचारलं नव्हतं तरी. मी चिडलो. म्हटलं, आजोबा, डॉक्टरांना का नाही? तर म्हणाले, डॉक्टर माझ्यासाठी होता रे, तुझ्या बापासाठी कोण होतं?

१६ जानेवारी १९९७ ला संध्याकाळी बातमी आली तेव्हा मात्र ते वॉचमनची ड्युटी सोडून चालत निघाले. सांगून गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी उशिरा घरी आले, पायात चप्पल नव्हती, आणि त्यांनी ती कुठे गेली ते कुणाला सांगितलं नाही.